कवळी सैल नव्हती

प्रिय ताई,

तुझ्या लेकीच्या लग्नात तू मला फोटोतून बाजूला केलंस. म्हणालीस, "आधी ते तोंड वेंगाडणं थांबव." मी मागे जाऊन बसले. त्याला चार वर्षं झाली.

ते मी मुद्दाम करत नव्हते गं. मनाच्या आजारासाठी वर्षानुवर्षं ज्या गोळ्या घेतल्या, त्यांच्यामुळेच ओठ आणि जीभ आपोआप हलायला लागली. नव्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी ओळखलं. "याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात," त्या म्हणाल्या. "यावर उपचार आहेत. फक्त गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका."

त्यांच्याच आग्रहावरून काल मी वाचनालयात शंभर माणसांसमोर याबद्दल बोलले. शिलाई मशीनमागे तोंड लपवणारी मी! बोलून झालं, तेवढ्यात मागच्या रांगेतून एक निवृत्त बस ड्रायव्हर उठले. त्यांचाही जबडा सारखा हलत होता.

"म्हणजे माझी कवळी सैल नाही तर!" ते म्हणाले. "अहो, मी ती तीनदा बदलून घेतली!"

सगळे खदखदून हसले. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

आज सकाळी मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. येताना आम्ही चहा घेतला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच मी तोंडावर हात न धरता तासभर गप्पा मारल्या.

उद्याही त्यांनी चहाला बोलावलंय. हे कळलं की तू आधी त्यांचं वय विचारशील. म्हणून हे पत्र सध्या माझ्याकडेच राहू दे.

तुझी,
खुशीत असलेली धाकटी