घुमटातले अडीच इंच

१२ फेब्रुवारी

अडीच इंच कमी! तीनदा मोजलं. पावाच्या भट्टीचा घुमट आतून सोळा इंच उंच हवा – भरतोय साडेतेरा. तळाला विटा बसवल्या, त्यांची जाडी दाराच्या मापात धरली आणि घुमटाच्या मापात विसरले. कोण? हे! चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस.

सांगू कसं?

१३ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१४ फेब्रुवारी

थोडा जाळ करून पाहिला. घुमट बुटका, दार उंच – सगळी धग बाहेर. ह्यांचं म्हणणं, लाकडं ओली असतील. लाकडं खडखडीत वाळलेली. मी मान डोलावली.

चूक कुणाचीही होते. पण परवा थापी हातात धरून थापीच शोधत होते. सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग आम्ही. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

लेकीला फोन केला. म्हणाली, उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस.

१७ फेब्रुवारी

सांगितलंच. पण खोटं – म्हटलं, टेप मी वाचली, मीच चुकले. ह्यांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग भट्टीसमोर उकिडवे बसले, आत हात घालून चाचपलं.

"घुमटाला हात लावायचा नाही. दार खाली आणू."

दाराच्या आत दुसरी कमान, दीड इंच खाली. दहा इंचांचं दार साडेआठवर. तोंडी हिशोब, चटकन! माझे पावाचे डबे आत जातील ना, तेही घालून पाहिलं. जातात. बेकरीत उभं राहून माझे गुडघे गेले, म्हणून तर ही भट्टी परसात, माझ्या कमरेच्या उंचीवर. एवढं सगळं ध्यानात आहे. मग अडीच इंच कुठे गेले?

२० फेब्रुवारी

फळीचा साचा कापला, पाचरींवर टेकवला. विटांचे पातळ काप मी भिजवून देत होते, हे बसवत होते. हात जरा चुकला नाही. मी मात्र प्रत्येक विटेला श्वास रोखून. मधल्या विटेशी हे थांबले – विसरले की काय? घासून बारीक करत होते नुसते!

२३ फेब्रुवारी

साचा काढला. कमान उभी.

२ मार्च

आठवडाभर रोज थोडा थोडा जाळ. आज पहिले पाव. वरून तांबूस, आत मऊ. धग संध्याकाळपर्यंत टिकली. दोन गरम गरम तिथेच उभ्याने खाल्ले ह्यांनी. मी उगाचच जिवाला घोर लावून घेतला होता. वेडीच मी.

३ मार्च

सकाळी चहा घेताना आपणहून बोलले. दोन महिन्यांपूर्वी एकटेच डॉक्टरांकडे जाऊन आलेत. आईचाच आजार आहे.

"हातांना आठवतंय तोवर तुझी भट्टी उरकायची होती."