तेराव्या चालीचा हत्ती

सावेडी, मंगळवार, संध्याकाळ

पाथर्डीचा माझा जुना शेजारी नामदेव. सकाळी मी फुशारकीनं त्याला मेसेज टाकला, "बुद्धिबळात तुला हरवलं होतं, आठवतं का?" दुपारी उत्तर आलं, "तुजा हत्ती तेराव्या चालीला मेला हुता."

मोबाईलवर चाललेल्या आमच्या डावात तर अजून नऊच चाली झाल्यात. मग कुठला हत्ती? चहा गार होईपर्यंत पट मांडून बसलो. एकदम आठवलं, आणि घरात एकटा असूनही मान खाली गेली.

पाथर्डीत मी जिंकलो त्या दिवशी, डाव चालू असताना गल्लीत पाण्याचा टँकर आला होता. "तू बस, तुजेबी हंडे भरून आनतो," म्हणत नामदेव डावावरून उठला. तो रांगेत उभा, आणि मी मेलेला हत्ती हळूच पटावर ठेवला. त्यानं आधी माझे दोन हंडे दारात आणून ठेवले, मग येऊन हरला. तेव्हाच कळलं असेल त्याला?

त्यानंतर मात्र टँकर आला तरी नामदेव डाव अर्धवट सोडून उठायचा नाही. आणि मी घरी सांगायचो, याला खेळाचा केवढा नाद.