बत्तीस नगांची पेटी

मुलुंड, मंगळवार, १६ सप्टेंबर १९८६

आज घाटकोपरच्या शाळेत गेलो. तीन वर्षांपूर्वी शिबिरात शिक्षकांना विज्ञानाचे प्रयोग शिकवून मी जी साहित्याची पेटी दिली, तिचा वर्गात काय उपयोग होतो ते बघून अहवाल लिहायचा होता. सावंतबाई त्या शिबिरातल्या सगळ्यात हुशार. त्यांनी कपाटातून पेटी काढली. सुतळीला मीच मारलेली गाठ, जशीच्या तशी.

"बाई, उघडलीच नाही?"

"कशी उघडू सर? एक भिंग फुटलं तर पगारातून कापतील. आणि झाकणावर तुम्हीच लिहिलंय ना, एकही नग कमी होता कामा नये!"

लिहिलंय खरं. लाल शाईने, खाली दोन रेघा मारून. कॉलेजचं तोंड न बघता शिक्षकांना शिकवायला उभा राहिलो; डिग्रीवाल्यांना बोट ठेवायला जागा नको म्हणून टाचणीसुद्धा मोजून द्यायचो. मुलांच्या हातून मोडतोड होणारच, हे मला कळत नव्हतं? की कळून घेणं मला परवडणारं नव्हतं?

बाई भिंगाचं चित्र फळ्यावर काढून शिकवतात. मुलं ते वहीत उतरवून घेतात. पास होतात.

गाठ इतकी पक्की बसली होती की ब्लेडने कापावी लागली. आतलं सगळं कोरं, कागदात गुंडाळलेलं. बत्तीसच्या बत्तीस.

बाईंनी हौसेने रजिस्टर पुढे केलं. "बघा सर, आमच्या शाळेचा एकसुद्धा नग हरवला नाही. शेरा द्या ना चांगला."

मी लिहिलं, 'सर्व नग सुस्थितीत.' आणि सही केली.