ह्यांचं बोलणं, माझा उपदेश

रविवार, १४ नोव्हेंबर
दुपारचे तीन

प्रिय ताईस,

तुला आणि भावोजींना प्रभूच्या नावाने दोघांचा सलाम. तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे आमचं बरं चाललंय, असं लिहायला बसले आणि तीन कागद फाडले. हा चौथा. आता कसाही उतरो, फाडायचा नाही असं ठरवलंय.

थंडी सुरू झाली. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणून न्हाणीघरात दोरी बांधली आहे. अंघोळीला जावं तर ह्यांचे ओले पायजमे तोंडावर येतात. समोरच्या दारातली बाई आठ वर्षांत माझ्याशी दोनदा बोलली, एकदा पाणी गळतंय म्हणून आणि एकदा गळायचं थांबलं म्हणून. स्वभावाने चांगली आहे बिचारी. उपासना अजून शिंप्याच्या दुकानाच्या माडीवरच होते. शनिवारी जाऊन मी चिंध्या झाडते आणि नऊ खुर्च्या मांडते.

आता खरं सांगते. भावोजी मिशन समितीचे चिटणीस, तेव्हा आमचा अहवाल दर महिन्याला त्यांच्या टेबलावर येतो. जुलैपासून तो मीच लिहिते. खाली ह्यांची सहीही मीच ठोकते. भावोजी म्हणाले असतील, म्हातारपणी पाळकसाहेबांचं अक्षर सुधारलं! ‘पाळकांची प्रकृती उत्तम’ हे वाक्यही माझंच.

ताई, ह्यांना जुलैत झटका आला. दाढी करताना हातातून ब्रश पडला आणि तोंड एका बाजूला गेलं. अकरा दिवस दवाखान्यात काढले. हात परत आला, चालणं परत आलं, भाषा आली नाही. म्हणजे इथली. मिशनने ह्या परमुलखात धाडलं तेव्हा बासष्टाव्या वर्षी वह्याच्या वह्या भरून, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून शिकलेली ती भाषा अख्खी पुसली गेली. ना बोलता येत, ना ऐकलेलं कळत. मराठी मात्र जशीच्या तशी. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी, उशिरा शिकलेलं आधी जातं.

दुधाच्या दुकानात हे पिशवी पुढे करून म्हणाले, “अर्धा लिटर द्या हो बाई.” ती हसली, हेही हसले. घरी आले आणि जोडेसुद्धा न काढता बसले ते संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून बाहेर जात नाहीत. ह्या अख्ख्या शहरात त्यांच्याशी बोलायला मी एकटी. आणि अगं, एकाच बाईशी माणूस बोलून बोलून किती बोलणार? जेवायला काय आहे इथे सुरुवात होते आणि चष्मा कुठे ठेवला इथे संपतं. मधला सगळा दिवस हे खिडकीत बसतात, आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत बसते. मला फार एकटं वाटतं गं.

कळवलं असतं तर समितीने परत बोलावलं असतं. सेवा अर्धवट सोडावी लागली तर हे मोडून पडतील, असं मी स्वतःला बजावलं. ऑगस्टभर मंडळी नुसती गीतं म्हणून घरी गेली. मग मीच तोड काढली. ह्यांनी मराठीत उपदेश करायचा, मी शेजारी उभी राहून त्याचा अर्थ सांगायचा. पाळकीणबाई झाल्या दुभाषी! सगळ्यांना पसंत पडलं. आमच्यातला म्हातारा बसचालक तर म्हणाला, “तुमच्या भाषेत साहेबांचा आवाज जास्त छान लागतो.”

पहिला रविवार नीट गेला. दुसऱ्या रविवारी शास्त्रपाठ झाला, हे उभे राहिले, पुस्तक मिटलं आणि खुर्च्यांकडे बघत शांतपणे म्हणाले, “मला घरी जायचंय. मी थकलोय. हिला एकटीला सांगायचा धीर होत नाही, म्हणून इथे सांगतो.”

आणि माझ्याकडे बघितलं. सांग, म्हणून.

नऊ माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “पाळकसाहेब म्हणतात, देव थकलेल्यांना विसरत नाही.” हे पुढे म्हणाले, “मला कोणाशी तरी मराठीतून कडकडून भांडायचंय.” मी म्हटलं, “शेजाऱ्यांशी प्रेमाने वागा.” नऊही जण म्हणाले, “आमेन.”

पुढचे आठ रविवार असेच गेले. हे सांगायचे की दफनभूमीत वडिलांच्या शेजारी त्यांची जागा आहे, ती अजून मोकळी असेल का. मी सांगायचे धीराबद्दल, दयेबद्दल, जे सुचेल ते. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायलाही लागलं होतं. आठ वर्षं मी चहा केला, खुर्च्या मांडल्या. आता लोक माझं ऐकत होते. शिंप्याची बायको म्हणाली, आजचं क्षमेवरचं अगदी मनाला लागलं. क्षमेवरचं, ताई! आणि बोलणारी कोण, तर मी!

आज सकाळी ह्यांनी मंडळीकडे बघितलंच नाही. सरळ माझ्याकडे वळले.

“तू माझं सांगत नाहीस,” म्हणाले. “मी म्हणतो घरी जायचंय, आणि ही माणसं माना डोलावतात, आमेन म्हणतात. इतक्या आनंदाने कोणी कोणाला घालवतं का गं?” चिडून नव्हे, एखाद्या मुलाला पाढा विचारावा तसं. “तुला का नको आहे घर? तेवढं सांग. मराठीत सांग, ह्यांना कळत नाही.”

आणि मी सांगितलं. नऊ माणसांसमोर, मोठ्याने, कारण ह्यांना आता कमी ऐकू येतं.

म्हटलं, मला ताईच्या दारात उभं राहायचं नाही. चार वर्षांपूर्वी आई गेली, त्याआधी पाच महिने अंथरुणावर होती. तिचं गू-मूत ताईने एकटीने काढलं. मी सेवेचं कारण सांगितलं. कसली सेवा, एक बाप्तिस्मा होता, तोही पुढे ढकलता आला असता. तुम्ही तिकीट काढू म्हणालात, मीच नको म्हटलं. मला आईला तसं बघायची भीती वाटत होती. ताई फोनवर म्हणाली, “परक्यांची सेवा आटोपली की ये,” आणि फोन ठेवला. ते खरं होतं, म्हणून मला राग आला. तेव्हापासून आम्ही बहिणी एकमेकींना गुडघे आणि हवामान लिहितो.

मी रडत होते, हेही रडत होते. शेवटी बसचालक हळूच म्हणाला, “बाई, साहेब काय म्हणाले?”

म्हटलं, “साहेब म्हणतात, आम्हाला घरी जायचंय.”

कोणीही आमेन म्हटलं नाही. शिंप्याची बायको उठली आणि ह्यांचा हात धरून उभी राहिली.

हे पत्र भावोजींना वाचून दाखव, खोट्या सह्यांसकट. समितीने काय करायचं ते करावं. ह्यांना घरी यायचंय, आणि मी त्यांना आणते आहे.

तुझ्याकडे मात्र मी क्षमा मागत नाही. त्यावर अर्धा तास उपदेश करून मला त्यातलं किती कळतं, ते कळलंय. तू मला बोल. समोर बसवून आईचे ते पाच महिने सांग, एकेक दिवस. काय खाल्लं, कुठे दुखलं, माझं नाव घेतलं का, घेतलं तर काय म्हणाली. जसं झालं तसं सांग. मी मध्ये तोंड उघडणार नाही.

आईच्या वेळी न आलेली,
तुझी धाकटी