गिळायचं नाही

प्रिय राजनंदिनी,

मागच्या महिन्यात एका सोमवारी सकाळी उठल्यावर मी चूळ भरली नाही, चहाही घेतला नाही. ओसरीवर बसून एका इवल्याशा नळीत लाळ गोळा करत होतो. तुझी आई म्हणाली, "पन्नाशीला आला आन् लाळ गाळाय लागला." तूही हसशील.

माझ्या हिरड्यांतून रक्त येतं हे तुला ठाऊक आहे. आता खालचे दोन दात हलू लागले होते. मी चोरून तंबाखू खातो असं वाटून आईनं सदऱ्याचे खिसेसुद्धा चाचपले. निमगावात दातांच्या कॉलेजचं शिबिर आलं तेव्हा तिनंच मला पिटाळलं. तिथल्या आरती डॉक्टर मनावरच्या ताणाचा हिरड्यांशी काय संबंध, ते तपासतात. माणूस काळजीत असला की अंगात एक रस वाढतो आणि तो लाळेत उतरतो म्हणे; म्हणून सकाळी उपाशीपोटी लाळ धरायला त्यांनीच ती नळी दिली होती. मला नवल वाटलं. ज्याला आपण उष्टं म्हणतो, त्यात मनातलं सापडावं!

पहिली नळी वाया गेली. उठल्याबरोबर देवापुढं हात जोडून चिमूटभर भंडारा जिभेवर ठेवायची माझी सवय. लाळ पिवळीधमक झाली. खंडोबाचा भंडारा आहे म्हटल्यावर डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी त्यांनी मला समोरच बसवलं.

"मामा, गिळू नका. तोंडात साचू द्या."

ते काही जमेना. जरा साचलं की आपसूक घोट जायचा. घरी कसली काळजी आहे का, असं त्यांनी सहज विचारलं. देवाच्या दयेनं सगळं बरं आहे, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तुझं नाव आलं. अवसरीच्या अमृतबद्दल तू दिवाळीत सांगितलंस, मुलगा मला पसंत आहे, पण तो आपल्यातला नाही म्हणून थोरल्या दादाभाऊपुढं मी अवाक्षर काढलेलं नाही, हे सगळं त्या परक्या पोरीला सांगून बसलो.

लाळेतला ताण बराच वाढलेला निघाला. नुसत्या काळजीनं दात हलत नाहीत, दातांवर कीटण साचून हलतात. पण काळजीनं अंगाची झुंजायची ताकद कमी होते, असं त्यांनी समजावलं. कीटण काढून दिलं. बाकीचं तुमचं तुम्ही बघा, म्हणाल्या.

काल आणे गावच्या पठारावर गेलो. दादाभाऊ मेंढरांना पाणी दाखवत होता. वडिलांमागं मला त्यानंच वाढवलं. थोरल्या भावाचा शब्द मी कधी मोडला नाही. माझं बोलणं संपेपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. मग म्हणाला, "राघू, माझ्या दारात हे लगीन व्हणार न्हाई."

"मग माझ्या दारात व्हईल, दादा. तू ये."

तो मेंढरांकडं वळला. येईल की नाही, मला माहीत नाही. फोनवर माझी वाचा बसते, म्हणून तुला हे लिहितोय. अमृतच्या आईवडिलांना मी आज सकाळीच निरोप धाडला आहे: रविवारी बोलणी करायला आमच्याकडं या.

तुझाच,
आप्पा