पोरीच्या पणतीचा रिपोर्ट

आई, परवा तुझ्या पोरीच्या पणतीचा रिपोर्ट आला. आपल्या अल्सेशियन कुत्रीला तू पोरीच म्हणायचीस, मी शाळेतून ऐकून आलेलं इंग्रजी नाव तू एक दिवसही तोंडात येऊ दिलं नाहीस, म्हणून मीही इथे तेच लिहितो. तिला चार पिल्लं झाली होती ते तुला आठवतच असेल. अमरावतीच्या त्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात, चुलीच्या जुन्या ओट्याखाली. एक मेलं, एक भातकुलीला गेलं, एक मामाकडे हिवरखेडला, आणि चौथी मादी तू अकोटच्या एका सुताराला दिलीस. शेजारच्या इमारतीत कपाटं बसवायला तो आला होता आणि दुपारचा डबा आपल्या अंगणात बसून खायचा. ते पिल्लू त्याच्या हत्यारांच्या पिशवीत शिरून झोपायचं. तू त्याला म्हणालीस, "तिनं तुमचंच घर धरलं भाऊ, आता तुमीच घेऊन जा." तो मुसलमान माणूस संकोचला, घरात कुत्रं चालणार नाही म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला की कारखान्याच्या पडवीत तिला जागा करतो. त्यानं शब्द पाळला. त्या मादीची मुलगी, मग नात, असं करत त्याच्या पडवीत आजपर्यंत पोरीचं रक्त नांदत राहिलं. अकोटात त्या कुत्र्यांना अजून 'अमरावतीवाल्या बाईची जात' म्हणतात. हे मला माहीत नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी तो सुतार, आता पांढरी दाढी झालेला, बायकोला आणि कुत्रीला माल-ऑटोत घालून, तुझा मुलगा जनावरांचा डॉक्टर झाल्याचं ऐकून, अकोल्याला माझ्या दवाखान्यात आला तेव्हा कळलं.

कुत्री ऑटोतून उतरली आणि चार पावलं चालली. मला तपासायची गरजच पडली नाही, आई. मागचा उजवा पाय उलटा पडत होता, पंजाची वरची बाजू जमिनीला लागत होती आणि नखं फरशीवर घासल्याचा आवाज येत होता. तो आवाज मी आठ महिने आपल्या घरात ऐकला आहे. प्रत्येक सुट्टीत नागपूरहून यायचो तेव्हा दार उघडायच्या आधी तोच ऐकू यायचा. मी खाली बसून तिचा पंजा हातात घेतला, मुद्दाम उलटा टेकवला. तिला तो सरळ करायचं सुचलं नाही. दुखत नव्हतं तिला. ती माझ्याकडे बघून शेपूट हलवायचा प्रयत्न करत होती आणि शेपूट नीट हलत नव्हती.

सुतारानं सांगितलं की हिनं मारलं. बायको बाजूला उभी होती, तिच्याकडे न बघता त्यानं हे सांगितलं. उन्हाळ्यात तिनं खाटेवर शेवया वाळत घातल्या होत्या, कुत्री त्यात चढली, आणि रागात तिनं हाताला लागलेली फळी तिच्या कमरेवर हाणली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पाय ओढायला लागली. तेव्हापासून तो बायकोशी कामापुरतंच बोलत होता. त्या बाईच्या हातातल्या पिशवीत कुत्रीची थाळी होती, ती तिनं बाहेर काढली, पुन्हा आत ठेवली.

मी त्या बाईकडे बघत होतो आणि मला तू दिसत होतीस.

पोरीच्या वेळी मी तिसऱ्या वर्षाला होतो. पशुवैद्यकाचं थोडंसं शिकलेला, म्हणजे सगळं कळतं असं वाटणारा. तू शिवून दिलेला पांढरा ॲप्रन माझ्याकडे होता. प्रवेश मिळाला तेव्हा तू दोन दिवस लोकांचे ब्लाऊज बाजूला ठेवून तो शिवला होतास, आणि त्याचे खिसे इतके खोल होते की वर्गातले मित्र हसायचे. तर त्या सुट्टीत मी घरी येतो, पोरी मला बघून उठते आणि मागून बसते. मी विचारतो काय झालं. तू गॅसपाशी आहेस, भाकरी थापते आहेस. तू लपवत नाहीस. म्हणतेस, "सकायी फरशी धुतली होती रे मी. पानी होतं. ते धावत आली माह्यामागं, अन् सरकली. तवापासून असं करून राहिली." आणि मी, बाबा गेल्यापासून एकटीनं मला शिकवणाऱ्या माझ्या आईला, ओट्यापाशी उभा राहून सांगतो, "तुह्यामुळेच झालं मग हे. ओल्या फरशीवर कायले येऊ देलं तिले? कणा दुखावला तिचा. आता नाही होत ती नीट." एक्स-रे काढलेला नव्हता. कुणा मोठ्या डॉक्टरला विचारलेलं नव्हतं. मी नुसताच तिसऱ्या वर्षाला होतो.

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली आणि करपली. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस.

मग ते आठ महिने. तू जुन्या गोधडीचा पट्टा कापून, त्याला पिशवीचे बंद लावून एक झोळी शिवलीस आणि ती पोरीच्या पोटाखालून घालून तिचं मागचं अंग उचलून तिला रोज तीनदा अंगणात न्यायचीस. बत्तीस-तेहतीस किलोची कुत्री होती ती. तुझी स्वतःची कंबर मशीनवर बसून गेलेली. गिऱ्हाईक बायका म्हणायच्या, बाई, सोडून द्या कुठं तरी. तू म्हणायचीस की माह्या हातानं झालं, मलेच निस्तरलं पाहिजे. हे मला शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं. पुढचे पायही जायला लागले, तिला गिळताना ठसका लागायला लागला, तेव्हा मी नागपूरहून आमच्या एका सरांना विनंती करून आणलं. अंगणात, सकाळच्या उन्हात, तुझ्या मांडीवर तिचं डोकं होतं. सरांनी इंजेक्शन भरलं. तू तिच्या कानाशी वाकून म्हणालीस, "माह्या चुकीची सजा तुले झाली व पोरी." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यानंतर तू स्वयंपाकघरात कधी पाणी टाकलं नाहीस. पिळून घेतलेल्या फडक्यानं गुडघ्यावर बसून पुसायचीस, आणि पुसून झालं की फरशीवर तरटं अंथरायचीस. घरात कुत्रं नव्हतं. कुणी घसरणार नव्हतं. तरी तरटं होती, तू जाईपर्यंत होती. तेराव्यानंतर घर रिकामं करताना मीच ती गुंडाळून बाहेर ठेवली.

परवाच्या रिपोर्टाचं तुला समजेल असं सांगतो. हा मार लागून होणारा आजार नाही. मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातून जाणारी नसांची दोरी, मागून पुढे हळूहळू झिजत जाते. कुत्रं आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत काही दिसत नाही, आणि मग एके दिवशी पाय घसरतो. त्या दिवशी फरशी ओली असली की माणसाला वाटतं फरशीनं केलं. हा दोष आईबापांकडून येतो. एकाकडून आला तर पिल्लू बहुतेक धडधाकट राहतं आणि पुढे देत जातं, दोघांकडून आला तर हा आजार होऊ शकतो. आता गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून बंगळूरच्या प्रयोगशाळेत पाठवला की कळतं. मी त्या कुत्रीचा एक्स-रे काढला, कणा स्वच्छ होता, कुठे तडा नाही, मणका सरकलेला नाही. मग बोळा घेतला. पडवीत तिची बहीण होती, तिला येत्या हिवाळ्यात पिल्लं होऊ द्यायची असं सुतारानं ठरवलं होतं, म्हणून तिचाही घेतला. दोघींच्यात दोष दोन्हीकडून आलेला निघाला. शंभर टक्के खात्री कुत्रं गेल्यावर मज्जारज्जू तपासूनच होते, आणि पोरीचं रक्त आता मी कुठून आणू? पण चालणं तेच, वय तेच, न दुखणं तेच. भातकुलीला फोन केला. ज्यांनी पिल्लू नेलं होतं ते काका आता थकले आहेत. ते म्हणाले, "आमची बी मांगून बसली होती ना. आमाले वाटलं साप चावला." मामाचा मुलगा म्हणाला की त्यांची तर लवकरच गाडीखाली गेली, काय झालं असतं कोण जाणे.

रिपोर्ट सांगायला मी त्या नवराबायकोला बोलावलं. दोघांना समोर बसवलं आणि सुताराला आधी हे सांगितलं की फळीचा काही संबंध नाही, जन्मायच्या आधीच हे तिच्यात होतं. मग त्या बाईंकडे वळून पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. मग विचारलं, "माहा कसूर नाई मंग?" मी म्हणालो, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, थोडं वेगळ्या शब्दांत, आणि मी पुन्हा नाही म्हणालो. तसं चार वेळा झालं असेल. सुतार खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवत होता, लाकूड तपासावं तसा. मग बायकोला म्हणाला, "मी लय बोललो तुले." एवढंच. त्या रडल्या नाहीत. त्यांनी कुत्रीच्या पाठीवर, जिथे फळी मारली होती तिथे, हात ठेवला. माझ्या दवाखान्यात मी एवढं चांगलं काम क्वचितच केलं असेल आणि त्यात औषधाचा एक थेंब नव्हता. औषध नाहीच या आजाराला. मी तेही सांगितलं.

बहिणीला पिल्लं होऊ द्यायची नाहीत असं सुतारानं स्वतःच ठरवलं. हा दोष नसलेला नर शोधला तर पिल्लं स्वतः वाचू शकतात, हे मी त्याला समजावलं होतं, पण तो म्हणाला की पुढच्या कुणाच्या घरात बायकोवर आळ यायला नको. त्यामुळे तुझ्या पोरीचा वंश त्या पडवीत संपेल. आजारी कुत्रीसाठी त्यानं रिपोर्टाची वाट न बघता सागाच्या पट्ट्यांची हलकी गाडी बनवली आहे, मागे लहान मुलांच्या सायकलची दोन चाकं. ती त्यात मागचं अंग टाकून पुढच्या पायांनी अंगणभर फिरते. मी बघून आलो. किती दिवस फिरेल ते मला माहीत आहे.

आता मी ज्यासाठी लिहायला बसलो ते. आई, मला हे परवा कळलेलं नाही. पोरी गेल्यावर वर्षाच्या आत, शेवटच्या वर्षाला, सरांनी फळ्यावर मज्जारज्जूचं चित्र काढून हा आजार शिकवला होता. जातही हीच, अल्सेशियन. नखं घासतात, दुखत नाही, सुरुवात घसरण्यानं होते. तपासणी आपल्याकडे तेव्हा नव्हती, पण हा आजार रक्तातून येतो असा संशय आहे, एवढं सरांनी सांगितलं होतं. मी तुझ्या ॲप्रनच्या खिशात दोन्ही हात घालून ऐकत होतो. त्या दिवशी संध्याकाळी तुझा फोन आला, जेवलास का असं तू विचारलंस आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. तू त्यानंतर तीन वर्षं जगलीस. मी दर महिन्याला त्या तरटांवरून चालत तुझ्या हातचं जेवायला बसायचो. सांगायचं राहून गेलं असं लोक म्हणतात तसं हे नाही. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ओट्यापाशी मी जे बोललो होतो ते परत घ्यावं लागलं असतं, आणि डॉक्टर होऊन नुकताच घरी येऊ लागलेल्या मला ते जड गेलं. पक्की खात्री नाही, उगाच कशाला जुनं उकरायचं, असं मी स्वतःला समजावत राहिलो.

एका दिवाळीला तर मी अकोल्याहून एसटीनं, पिशवीत घालून, एक पिल्लू आणलं होतं तुझ्यासाठी. मला वाटलं, पिल्लू आलं की आपोआप सगळं मिटेल, बोलावं लागणार नाही. तू त्याला बशीत दूध दिलंस. हात लावला नाहीस. म्हणालीस, "नेजो बापा याले. माह्या हातून अजून एक जीव जाइन." पिल्लू तुझ्या पदराशी खेळत होतं आणि तू पदर हळूच सोडवून घेत होतीस. तेव्हा, त्या क्षणी, एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पिल्लू परत नेलं.

हे कागद मी कुठे पाठवणार? वाचून दाखवायलाही कुणी नाही. रिपोर्टाच्याच फाईलमध्ये ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी रिपोर्ट ऐकून झाल्यावर सुतारानं कुत्रीला ऑटोत चढवलं, आणि त्या बाई काही विसरल्यासारख्या पायऱ्या चढून परत आल्या. मी बोलता बोलता तुझ्या कुत्रीचं त्यांना सांगितलं होतं. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, तुमच्या आईले बी असंच वाटलं असन, आपल्याच हातानं झालं म्हनून. तुमी सांगतलं असन ना त्यायले?"

मी म्हणालो, हो. सांगितलं होतं.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "सुकून भेटला असन त्यायले."

मी पुन्हा हो म्हणालो.