शिसपेन्सिलीची टिक

३ फेब्रु., मंगळ.
म्हापशाहून पहिली बस, डिचोलीला बदलून मुळगावचं गॅरेज. खनिज वाहणारे बारा ट्रक. प्रत्येकाचा रोज सकाळी तपासणीचा कागदी फॉर्म : ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे. तो मला कॉम्प्युटरवर आणायचाय. शेठ म्हणाले, "सोमारासावन कागद बंद." सोमवारपासूनच! मी लगेच मान हलवली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

५ फेब्रु.
जुने फॉर्म चाळले. ग्रीस, चहाचे गोल, एकावर आख्खा अंगठा. मजा येते. ब्रेकच्या रकान्यात आधी शिसपेन्सिलीची टिक, तिच्यावरच पेनाची. रोज. हे का?? तपासतात ते तात्या मेस्त्री, सावंतवाडीकडचे, तीस वर्षं इथेच. पेन सापडत नसेल, असं धरून चालले. विचारायचं राहिलं.

९ फेब्रु., सोम.
सुरू. प्रत्येक रकान्याला दोनच बटनं, 'ठीक' नि 'बिघाड'. मेस्त्री एका बोटाने दाबतात. सगळं 'ठीक' झालं की गाडीचं नाव हिरवं, ड्रायव्हरना खिडकीतून दिसतं. रकाना रिकामा सोडता येत नाही, ही माझी हुशारी. मेस्त्री म्हणाले, "हेच्यात आदी आनी मगे असां काय नाय?" म्हटलं, एकदाच दाबायचं, सोपं. जरा थांबले, मग दाबलं.

१० फेब्रु.
ड्रायव्हर इराप्पाचा भरलेला ट्रक. उतारावर ब्रेक लागला नाही. मातीच्या ढिगाऱ्यात घातला म्हणून वाचला, कपाळाला खोक. "हिरवं दिसलं म्हणून माल भरला की वो," एवढंच म्हणत होता. स्क्रीनवर : ब्रेक ठीक, खाली मेस्त्रींचं नाव. शेठनी प्रिंट मागितली. दिली.

११ फेब्रु.
शेवटी मेस्त्रींना विचारलं.
"पेन्सिल म्हंजे मी बगलंय. गाडीन अजून माका दाखवूक नाय. रिकामी उताराक जावन येवंदे, मगे पेन. पेन असल्याबगर कोन माल भरी नाय."
गॅरेजात सगळ्यांना ठाऊक. मी सोडून.

१३ फेब्रु.
तिसरं बटन केलं : 'पाहिलं, रिकामी फेरी बाकी'. रंग पिवळा. अर्ध्या तासाचं काम. आधी विचारलं असतं तर... लाज वाटते.
मेस्त्रींना काढणार असं कानावर आलं. शेठना लिहून दिलं : चूक फॉर्मची, म्हणजे माझी.

१४ फेब्रु., शनि.
शेठनी दोघांना बोलावलं. माझा कागद टेबलावर. मी बोलायच्या आत मेस्त्री म्हणाले, "बटन मीच दाबलंय. ह्या चेडवाक कित्याक मदी घालतास?"
चेडू म्हणजे मी, पोर. सगळं स्वतःवर घेतलं म्हणून इतका राग आला मेस्त्रींचा. भांडले मी, शेठसमोरच. तीस वर्षांत यांच्या टिकेवर एका गाडीला अपघात झाला नाही, माझ्या फॉर्मवर दोन दिवसांत झाला, म्हटलं. शेठ म्हणाले, निकाल महिनाअखेरीस सांगतो. तोवर मेस्त्रींनी गाड्यांना हात लावायचा नाही.
"मग सोमवारी तपासणार कोण?" मी विचारलं.
"फॉर्म तुवेंच केला न्ही? तूंच भर."
मेस्त्री टोपी घेऊन निघून गेले.
तपासणाऱ्याच्या जागी आता माझं नाव आहे. ट्रकचा ब्रेक कुठून बघतात हेसुद्धा मला माहीत नाही. उद्या रविवार. मेस्त्रींच्या खोलीवर जाते. शिकवा म्हणून कुठल्या तोंडाने सांगू, बसमध्ये ठरवीन.